हेंद्रेपाड्यातलं घर पडद्यावर

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी घरात मदत करणारा रोबो बनवत होती. गुडघ्याएवढा, चाकांवरचा, डोक्यावर ट्रे. पाणी, औषधं माणसापर्यंत न्यायची, एवढंच त्याचं काम. ऑफिसात तो झकास चालायचा. साहेब म्हणाले, खऱ्या घरात चालवून बघू. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात आईबरोबर राहते. मीच म्हटलं, माझ्याकडे नेते.

आईचे गुडघे गेलेले. ती दिवसभर जमिनीवर बसायची, सरकत सरकत कामं उरकायची. विळी, परात, वाळलेले कपडे, सगळं भोवती पसरलेलं. रोबो त्यात अडकायचा. "ये रे बाबा, इकडून ये," म्हणत ती परात बाजूला ओढायची.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये रोबोच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. लावणार हे मला माहीत होतं, पण त्यात काय दिसेल याचा विचार केला नव्हता. पोपडे आलेली भिंत, दोरीवरचे परकर, आणि विटक्या गाउनमध्ये, केस मोकळे सोडून जमिनीवरून सरकणारी आई. कुणीतरी हसलं. अडकलेल्या रोबोलाही हसलं असेल. साहेब खुशीत म्हणाले, "असाच डेटा पाहिजे होता. परत लाव."

शेजारी बसलेल्या मुलीनं हळूच विचारलं, "आई का तुझी?"

मी नुसती मान डोलावली. वर बघवेना.

घरी आल्यावर चित्रण लावल्याचं सांगितलं, तर आईनं विचारलं, "मी दिसले काय त्यात?"

"दिसलीस."

"सांगायचं तरी. साडी नेसले असते."

दुसऱ्या दिवसापासून ती इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसू लागली. दोरी रिकामी, विळी ओट्याखाली. संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. "खाली बस गं," म्हटलं तर म्हणायची, "तुझ्या ऑफिसातले बघतात ना."

रोबो आता कुठेच अडकेना. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "सर, रोबो सुधारला नाही. माझ्या आईनं घर आवरलंय. तिला लाज वाटली म्हणून."

दोन दिवसांनी रिक्षात घालून मी रोबो परत केला.

आई पुन्हा गाउनमध्ये, पुन्हा जमिनीवर बसते. पण पूर्वी बेल वाजली की बसल्या जागेवरून "या, दार उघडंच आहे" म्हणायची. आता आधी खुर्चीला धरून उठते, केस बांधते, आणि मग विचारते, कोण आहे.