गुरम्माचा बोलका लॅपटॉप

भूकंपात भिंत अंगावर आली तेव्हा गुरम्मा अकरा वर्षांची होती. ती वाचली, डोळे गेले. पुढं ती शिकली, इतिहासात एम.ए. झाली आणि लातूरला चन्नबसप्पांच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवू लागली.

पर्समध्ये मावेल एवढा लॅपटॉप तिच्याजवळ होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यात क्लासचे संगणक बघणाऱ्या श्रीनाथनं टाकून दिलेला, चोरीचाच. एक दिवस ऐन तासाला तो मुका झाला. समोर भरलेला वर्ग आणि तिची टिपणं आत अडकलेली.

"आणा मॅडम, दुसरा टाकून देतो," श्रीनाथ म्हणाला.

"दर वेळी तुमच्याकडंच यायचं का? आता सगळी सिस्टीमच बदलून फुकटची लिनक्स टाकते. वाचून दाखवायची सोय त्यात असतेच, अन् कुणाची चोरी न्हाई. पण मीच टाकणार."

"तुम्हाला दिसत न्हाई. डिस्क पुसली गेली तर सगळं जाईल."

"गेलं तर माझं जाईल."

अंधशाळेतली तिची मैत्रीण मालविका पुण्यात होती. तिनं तीन तऱ्हेच्या लिनक्स पेन ड्राइव्हवर भरून पाठवल्या. पहिली सुरू झाली, पण बोललीच नाही. दुसरी बोलली, पण एवढ्याशा यंत्राला ती पेलेना. बटण दाबून झालं तरी मागचंच वाक्य चालू. तिसरीत काही नटवानटवी नव्हती, पण ती पहिल्या पडद्यापासून बोलत होती. तिच्या आधारानं गुरम्मानं टिपणं आधी पेन ड्राइव्हवर काढून घेतली. 'सगळं पुसू का?' असं तिनं विचारलं तेव्हा गुरम्मानं हो म्हणून बटण दाबलं. नंतर वाय-फाय चालेना. मालविका फोनवर सांगत राहिली, ही टाइप करत राहिली, शेवटी तेही जमलं.

मराठी आवाज त्यात नव्हता. हिंदी आवाजच मराठी वाचायचा. तो कानात ऐकत ती शिकवू लागली, तर चन्नबसप्पांनी बोलावून घेतलं.

"कानात वायर घालून शिकवणं बरं दिसत न्हाई. पालक येतात. त्यापेक्षा कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला."

"वायर बरी दिसत नसंल तर काढते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं वायर काढली आणि आवाज मोठा केला. हैदराबाद मुक्तिसंग्राम हिंदी हेल काढून बोलू लागला तसं वर्गाला हसू फुटलं. गुरम्मानं आवाज थांबवला.

"हसून घ्या. मग याच्यावरच प्रश्न विचारणार हाय."

त्या दिवशी बऱ्याच जणांना उत्तरं आली नाहीत. आठवडाभरात हसणं बंद झालं. चन्नबसप्पा एकदा दाराशी उभे राहून ऐकून गेले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

दिवाळीनंतर गुरम्माचं ऐकून निलंग्याहून शिवमूर्ती आला. त्यालाही दिसत नव्हतं. काखेत जुना लॅपटॉप.

"ताई, तुमच्यासारखं टाकून द्या की."

गुरम्मानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"टाकून देणार न्हाई. बसा. तुम्ही टाका, मी सांगते."