ताईच्या आवाजाची डिस्क

कॉम्प्युटरवर माझ्या दाजींइतका अविश्वास असलेला, आणि तरी त्याच्यासमोरून न हलणारा दुसरा माणूस अख्ख्या उस्मानपुऱ्यात सापडला नसता. फुलंब्रीकडच्या मेंढपाळांच्या घरात वाढलेला हा माणूस वाळूजच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करता करता लिनक्स नावाची कॉम्प्युटरची प्रणाली शिकला आणि मग डिस्कचे कप्पे पाडतात तसं दिसेल त्या गोष्टीचं पार्टिशन करू लागला. दुष्काळाच्या वर्षांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेव्हा गच्चीवरच्या टाकीवर त्यांनी ऑइलपेंटनं रेघ मारली होती. रेघेखालचं पिण्याचं, वरचं धुण्याचं. "पाणी काय रेघ बघून थांबतं का?" ताईनं विचारलं. "डिस्कवरचं थांबतं की," दाजी शांतपणे म्हणाले.

नवी डिस्क आली की ती आधी काठोकाठ शून्यांनी भरायची, म्हणजे आतलं सगळं पुसलं जाई, मग पार्टिशन पाडायचं, मग लिनक्ससाठी फॉरमॅट करायची. "कंपनीनं आत काय ठेवलंय कुणाला ठावं? आधी आंघोळ," असं त्यांचं म्हणणं. शिवाय एंटर दाबण्याआधी शेजारच्यानं कॉम्प्युटरनं डिस्कला दिलेलं नाव मोठ्यानं वाचलंच पाहिजे. एकदा दूधवाल्यानं हातात कॅन धरून 'एसडीबी' वाचलेलं मी स्वतः पाहिलंय.

मायक्रोफोन तपासायचा म्हणून दाजींनी ताईला समोर बसवून तासन्‌तास बोलायला लावलं होतं. ती गेल्यावर तेवढंच उरलं: आमच्या लहानपणच्या गोष्टी, शेजारणींच्या तक्रारी, मधूनच "बंद करा ते आता". सगळं एकाच डिस्कवर. मला त्याची प्रत हवी होती, म्हणून दाजींनी सांगितल्याप्रमाणे मी अगदी तसलीच नवी डिस्क आणली. रविवारी सकाळी दोन्ही डिस्का जोडल्या. दाजींची नजर तोवर अधू झाली होती. "वाच," ते म्हणाले. मी मोबाइल बघत होतो. पडद्याकडे अर्धवट नजर टाकून "एसडीबी" म्हणालो. नवी डिस्क एसडीसी होती. दाजींनी एंटर दाबलं आणि शून्यं भरायला लागली.

आम्ही जेवलो, लवंडलो, चहा घेतला. संध्याकाळी प्रत करायला बसलो, तेव्हा ताईच्या डिस्कवर शून्यांशिवाय काही नव्हतं.

"दाजी, मी चुकीचं वाचलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बटन मी दाबलं. तू नाय." मग म्हणाले, "लई बोलायला लावलं मी तिला. थकायची ती."

पुढच्या रविवारपासून ते मला बोलावू लागले. ताई काय काय बोलली होती ते दोघांनी आठवायचं आणि दाजींनी टाइप करायचं. मी काही सांगितलं की ते अडवायचे, "आसं नाय. 'अहो' म्हणायची नाय ती मला. 'ऐकलं का' म्हणायची." पानं भरत गेली. एकदा मी उत्साहाच्या भरात तिच्याच सुरात बोलून दाखवायला लागलो. दाजी हसले, पण हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

"नुसते शब्द सांग बाबा," ते हळूच म्हणाले. "तिचा आवाज येतोय मला अजून."