मिशीला हात लावायचा नाय

चितेगावचे आप्पासाहेब म्हणजे सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. पण हात असे थरथरायचे की परका माणूस बघताक्षणी म्हणायचा, सकाळीच घेऊन आलेत वाटतं. कप उचलला की बशीवर ताशा वाजायचा. कारखान्यात त्यांना यंत्रावरून उठवून फाटकावर बसवलं. शेजारचा बद्रीनाथ तर पारावर छातीठोक सांगायचा, "आप्पा लपून पितो." गावाला काय, तेवढंच हवं होतं. आप्पासाहेबांनी मग पंगतीला बसणं सोडलं. चहा प्यायचा तो घरात, भिंतीकडं तोंड करून. चारचौघांत बसून एक कप चहा प्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती, अन् तीच पुरी होत नव्हती.

शेवटी गारखेड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी रोग ओळखला. म्हणाल्या, "ही दारू नाही. मेंदूतली एक बारकी जागा खोड्या करतेय. सोनोग्राफीत पोटातलं बाळ दिसतं ना, ते कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं. तसलाच आवाज आता इलाजालाही वापरतात. भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणून आपण कागद जाळतो, तसा चारी बाजूंनी आवाज त्या एका जागेवर आणायचा. चिरफाड नाही. पण एका वेळी एकच हात सुधारेल. आणि डोक्याचा पार गोटा करावा लागेल, केसांत आवाज अडतो."

बाकी सगळं पटलं, घोडं अडलं ते डोक्यापाशी. केस उतरवायचे ते आईबाप गेल्यावर. बाप कधीच गेले होते, पण माय, भागूबाई, चांगली ठणठणीत होती.

"म्या जिती असताना टकुरं भादरतो व्हय रे?" माय कडाडली.

मायचा शब्द मोडून आप्पासाहेब कुठंच जाणार नव्हते. पण भिंतीकडं तोंड करून चहा पिणारा लेक तिनंही वर्षानुवर्षं पाहिला होता. दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "केस काढ. पण मिशीला हात लावायचा नाय. मिशी दिसली म्हंजी लोकाला कळंल, माय हाये अजून." आणि लेकाचं बोडकं डोकं बघवणार नाही म्हणून ती बजाजनगरला लेकीकडं निघून गेली.

रामकिसन न्हाव्यानं जन्मभर गावाची सुतकं उतरवलेली. आप्पासाहेब डोळे मिटून त्या आवाजाच्या इलाजाचाच विचार करत बसले होते. वस्तरा डोक्यावरून खाली आला आणि सवयीनं ओठावर फिरला. डोळे उघडले तेव्हा अर्धी मिशी मांडीवर पडली होती. उरलेली अर्धी ठेवून करता काय?

"हाताला वळणच पडलंय, मालक!" रामकिसन रडकुंडीला आला.

गुळगुळीत डोकं, ओठ उघडा, मागं बायको सरूबाई डोळे पुसत गाडीत बसलेली, अन् म्हातारी घरात नाही. हे बद्रीनाथानं पाहिलं. फोन करून खात्री करावी, पण सुतकाच्या घरी विचारायचं तरी काय? संध्याकाळपर्यंत भागूबाईचा हार घातलेला फोटो गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

इकडं दूरच्या मोठ्या इस्पितळात आप्पासाहेबांचं डोकं चौकटीत अडकवलेलं, त्यावर गार पाणी खेळतंय, आणि ते पूर्ण जागे. मधूनमधून भोवळ यायची. आवाजाचा प्रत्येक मारा झाला की डॉक्टर पुढं कागद धरत, "काका, गोल गोल चकली काढा." पहिली चकली कोंबडीनं उकरल्यासारखी. पुढची जरा बरी. शेवटची तर थेट सरूबाईच्या सोऱ्यातून पडल्यासारखी. आप्पासाहेब त्या कागदाकडं बघून लहान लेकरासारखे रडले.

परतीच्या वाटेवर त्यांनी बजाजनगरहून मायला घेतलं. तिनं लेकाच्या ओठाकडं एकदा पाहिलं आणि घरापर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

घराच्या ओट्यावर सांत्वनाला आलेली माणसं दाटलेली. गाडी दिसताच मायची जुनी मैत्रीण आवडाबाईनं हंबरडा फोडला, "गेली गं माझी भागूबाई!" तेवढ्यात गाडीचं दार उघडून भागूबाईच उतरली.

"आवडे, कोन गेलं गं?"

आवडाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. माणसं खाली माना घालून उठायला लागली. बद्रीनाथ चपला शोधू लागला.

"बसा समदे!" भागूबाई म्हणाली. "सुतकाच्या घरात चहा नसतो. म्हणून आज या घरात चहा हुईल, अन् तो पिऊनच जायाचं."

सरूबाईनं चहा उकळून किटली आणली. आप्पासाहेबांनी ती तिच्या हातातून घेतली. डावा हात अजून हलत होता, तो पाठीमागं धरला. बद्रीनाथानं कप पुढं केला, पण पोळू नये म्हणून मांड्या आखडून घेतल्या. चहाची धार सरळ कपात पडली. बशी कोरडीच राहिली.

"आप्पा, म्या लई वंगाळ बोललो रे," बद्रीनाथ हळूच म्हणाला.

"घे, गार हुतो," आप्पासाहेब म्हणाले. मग स्वतःचा कप भरून ते सगळ्यांकडं तोंड करून मधोमध बसले आणि भुरका मारला.

भागूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"माझ्या मरणाला एवढी माणसं आली ते लई बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या लेकाला चहा पिताना समद्यांनी बघितलं."