मनकर्णाबाईंचा कोबी आणि त्याचा गोतावळा

पारनेरच्या बाजारात कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल विकणाऱ्या मनकर्णाबाई साळवे एका शुक्रवारी भर दुपारी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत शिरल्या, काउंटरवर कोबीचा एक गड्डा ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्याचं मूळ गाव काढून द्या."

मी इथली ग्रंथपाल. अकरा वर्षं भाजी त्यांच्याकडूनच घेते. पण आजवर बाई कधी आमच्या फाटकाच्या आत आल्या नव्हत्या. अभ्यासाला बसलेली सगळी मुलं मान वर करून बघायला लागली.

"बसा आधी," मी म्हटलं. "झालंय काय?"

झालं होतं ते असं. बाईंची मुलगी रश्मी नर्स. जर्मनीत नोकरी मिळणार म्हणून ती आठ महिने रोज एसटीने नगरला जर्मन शिकायला जात होती. शब्द पाठ व्हावेत म्हणून तिने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पातेल्यावर चिठ्ठी, पंख्याच्या बटणावर चिठ्ठी, वडील भाऊसाहेब दुपारी झोपले की त्यांच्या खाटेवरसुद्धा चिठ्ठी. बाई नववीपर्यंत शिकलेल्या. मुलगी मोठ्याने घोकायची आणि आई भाज्या धुता धुता तिच्यामागून म्हणायची. मुलीच्या आधी आईचं पाठ व्हायचं, हे रश्मीनेच मला सांगितलं होतं.

त्या सकाळी भाज्यांचा धडा निघाला. रश्मी म्हणाली, "डेर कोल. कोल म्हणजे कोबी."

बाईंच्या हातात त्या वेळी नेमका नवलकोल होता.

"मी म्हनलं, थांब गं पोरी! कोल? आमच्या नवलकोलातला कोल? ह्यो तिकडं कसा गेला?" बाई मला सांगत होत्या. "ती म्हनती, आई, योगायोग आसंल. मी म्हनलं, योगायोग आसा दारात येऊन बसत न्हाई. तू तुजं पाठ कर, मी मॅडमला इचारून येते."

मी इंग्रजीतला एक जाडजूड व्युत्पत्तिकोश काढला. उघडायला दोन्ही हात लागतात असा. जोडीला काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरही शोधलं. वीस मिनिटांत मलाच गंमत वाटायला लागली. बाई स्टुलावर बसून प्रत्येक शब्दाला "आगं बया!" म्हणत होत्या.

मूळ शब्द निघाला लॅटिन. काउलिस. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची माणसं तो बोलायची. त्यांची सत्ता आणि त्यांची भाजी जिथे जिथे पोचली, तिथे तिथे तो शब्द पोचला आणि प्रत्येक गावाने त्याला आपल्या तोंडासारखं वळवलं. इटलीत काव्होलो. स्पेनमध्ये कोल. जर्मनीत कोल, हॉलंडातही कोल. फ्रान्समध्ये झिजून झिजून नुसता शू. इंग्रजीत केल, आणि कॉलीफ्लॉवरमधला पहिला तुकडा. पोर्तुगालमध्ये कोव्ह.

"आणि पोर्तुगीज गोव्याला आले," मी म्हटलं, "तेव्हा त्या कोव्हचाच झाला आपला..."

"कोबी!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की मागच्या टेबलावरच्या एकाच्या हातून कंपास पेटी पडली.

नवलकोलाचंही सापडलं. डच लोक त्याला क्नोलकोल म्हणायचे. क्नोल म्हणजे गड्डा. आपल्या माणसांना ते क्नोल काही उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यात 'नवल' घातलं असावं.

"नवलच हाय की मग! आन् फ्लावर?"

"पूर्ण नाव कॉलीफ्लॉवर. म्हणजे कोबीचं फूल."

"म्हंजी आमी त्यातला कोबी खाल्ला आन् निस्तं फूल ठिवलं?" बाई पोट धरून हसत होत्या. मग एकदम थांबल्या. "पर मूळ आर्थ काय त्या काउलिसचा?"

"देठ."

"देठ?"

"हो. आधी नुसता देठ. मग ज्या भाजीचा देठ दांडगा, त्या भाजीलाच ते नाव पडलं."

बाईंनी काउंटरवरचा गड्डा उचलला, उलटा केला आणि त्याच्या बुडाकडे बघत राहिल्या. "ह्यो मी रोज काढून शेळीला टाकते," त्या म्हणाल्या. "समद्या खानदानाचा आजा शेळीला टाकते मी!"

जाताना त्यांनी तो गड्डा मला दिला. पण बाईंचं समाधान झालं नव्हतं. पुस्तकात काय कुणीही काहीही लिहील, त्यांना ते माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

ती संधी नोव्हेंबरात आली. रश्मी श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात रुजू झाली.  ती गेल्यावर पाचव्या दिवशी फोनवर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?" आणि दुसरा, "तुज्या हास्टेलात कोन कोन कुटल्या देशाचं हाय?"

पुढच्या रविवारी भर बाजारात व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात रश्मीचे दोन सहकारी नर्स चहा-कॉफी करत होते. एक पोर्तुगालची इनेश, दुसरा इटलीचा पाओलो. इकडे बाईंनी फोन वजनकाट्याला टेकवून उभा केला होता. मी होतेच. शेजारी बटाटे विकणारे बाबाजानचाचा होते आणि मेथी घ्यायला आलेल्या पाच-सहा बायका होत्या.

बाईंनी गड्डा स्क्रीनपुढे धरला. "इनेशताई, ह्याला काय म्हनता?"

रश्मीने विचारलं. इनेश म्हणाली, "रेपोल्यु."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच रोमहून खोटं बोलून आले होते.

"न्हाई जमलं वाटतं," बाबाजानचाचा म्हणाले. खरं तर त्यांना बरं वाटलं होतं.

इनेशला कळेना, की पारनेरमधल्या या बाईला एवढं दुःख कशाचं झालं. रश्मीने समजावलं, तेव्हा ती हसून म्हणाली, की गच्च गड्डा बांधणाऱ्याला आम्ही रेपोल्यु म्हणतो, पण त्या सगळ्या जातीला, आमची आजी जिचं सार करते त्या मोठ्या मोकळ्या पानांच्या भाजीलाही, कोव्हच म्हणतो.

"काय म्हनली? परत म्हन!"

"कोव्ह."

"कोबी!"

"कोव्ह!"

"कोबी!"

दोघी एकमेकींना ओरडून सांगत होत्या आणि आनंदाने नाचायच्या बाकी होत्या. मेथी घ्यायला आलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात तिकडे पाओलोची कॉफी उतू गेली आणि तो ओरडला, "के काव्होलो!"

"आता ह्यो काय म्हनला?"

"आई, कोबीच म्हणाला तो," रश्मीला हसू आवरेना. "वैताग आला की इटलीत तसं म्हणतात. वाईट शिवी तोंडात येऊ नये म्हणून. आणि इकडे जर्मनीत कुणी भलतंसलतं बोलायला लागला, की म्हणतात, हा कोल बोलतोय."

झालं. त्या दिवसापासून बाजारात मोकाट गायीने पाटीत तोंड घातलं, की मनकर्णाबाई काठी उगारून ओरडतात, "के काव्होलो!" गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं, की म्हणतात, "ताई, कोल बोलू नका." बाबाजानचाचांनीही माझ्याकडे बटाट्याची चौकशी केली. पोर्तुगालमध्येही बटाट्याला बटाटाच म्हणतात, पण तो शब्द लॅटिन नाही, समुद्रापलीकडच्या बेटांवरचा आहे, असं मी सांगितलं. "म्हणजे आमचं खानदान आणखी लांबचं," असं म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

जानेवारीत रश्मीचा फोन आला तो रडवेला. थंडी, बर्फ, नाइट ड्युट्या, आणि वॉर्डातलं कुणी तिच्याशी कामापलीकडे बोलत नाही. त्यातल्या त्यात एक म्हातारी पेशंट होती, मूळची फ्रान्सची. तिने आज रश्मीचा गाल धरला आणि म्हणाली, "मों पती शू." रश्मीने अर्थ शोधला.

"आई, ती मला म्हणाली, माझ्या चिमुकल्या कोबी."

"नाव ठिवलं का काय तुला?"

"नाही गं. फ्रान्सची माणसं लाडाने म्हणतात तसं. आपण 'माझं सोनं' म्हणतो ना, तसं."

बाई पोत्यावरच बसल्या. आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले, मग परत हसल्या. "उद्या त्या म्हातारीला माजा जयभीम सांग," त्या म्हणाल्या. "आन् म्हनावं, ह्या चिमुकल्या कोबीची आई कोबीवालीच हाय."

मार्चमध्ये बाईंनी पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायला मला बोलावलं होतं. त्याने फॉर्मवरून विचारलं, "जर्मनीत कोण असतं?"

"लेक हाय. वॉर्डात एक म्हातारी हाय. हास्टेलात इनेश आन् पाओलो हायेत. बाकी बाजारात गेल्यावर वळख निघंल."

पोलिसाने फक्त 'मुलगी' असं लिहिलं.

त्याआधी फोटोच्या वेळी मात्र घोटाळा झाला होता. पासपोर्ट ऑफिसातला ऑपरेटर म्हणाला, "मावशी, हसू नका, तोंड मिटा." तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तोच हसायला लागला. शेवटी निघाला एक फोटो. तोंड मिटलेलं आहे, पण गाल फुगलेले आहेत आणि डोळे सरळ सरळ हसताहेत. पासपोर्ट परवा आला. बाईंनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वजनकाट्याखाली ठेवलाय आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला काढून दाखवतात.