अध्यक्षांचा बोलका

याव अन्टवीची जीभ अध्यक्षांनी कापून टाकली, अशी कुजबुज आमच्या बाजारात दहा वर्षं चालली. सुकी मासळी विकणाऱ्या बायका तर ती कोणत्या सुरीने कापली तेही सांगायच्या. एकदोन सुऱ्या मीही सुचवल्या असतील, नाही म्हणत नाही.

याव हा आमच्या गावच्या राजाचा बोलका. राजा चारचौघांत स्वतः बोलत नाही. तो पुटपुटतो, आणि सोन्याच्या मुठीची काठी धरलेला बोलका ते सजवून सगळ्यांना ऐकवतो. त्याच्या तोंडून गेलेला शब्द राजालाही परत घेता येत नाही.

आमच्याच गावचे ओवारे मास्तर गोऱ्यांच्या तुरुंगातून सुटले, निवडणूक जिंकले, आणि नव्या देशाचे पहिले अध्यक्ष झाले. जाताना यावला राजधानीला घेऊन गेले. अंगात सूट, पण सभेत बसायचे थेट राजासारखे, पुटपुटत. दोन वर्षं झकास गेली. तिसऱ्या वर्षी देशात एकच पक्ष उरला, त्यांचा. तेव्हा यावच्या मेहुण्याने, रेल्वेतल्या फ्रेम्पोंगने, वर्तमानपत्रात लिहिलं, ‘साहेबांनी सूट घालावा नाहीतर राजाची शाल पांघरावी. दोन्ही एकदम घातलं की उकडतं.’

लगेच अध्यक्षांची सभा आमच्या गावात ठरली. त्या सकाळी यावची बायको सेरवा उखळात उकडलेल्या कंदांचा फुफू कुटत होती आणि मी फुफूच्या आशेने बसलो होतो.

“अहो, माझ्या भावाचं नाव निघालं तर शब्द मऊ करा. तुमच्या हातात आहे.”

“मऊ केला तर साहेबांच्या मनात राग राहील. कडक बोलतो. उद्या म्हातारे मेंढा घेऊन पाया पडतील, ते माफ करतील, वर सगळे ताडी पितील. आजवर असंच मिटलंय ना?”

“राजाकडे मिटलंय. हे राजे आहेत का?”

“मग कोण आहेत?”

तिने मुसळ जोरात आपटलं. माझं सगळं लक्ष फुफूकडे होतं.

सभेत ओवारे पुटपुटले, “आत टाका.” यावने काठी उंचावली. “ज्या झाडाखाली हा वाढला त्याच्यावरच याने कुऱ्हाड उचलली! हा हात आता मोकळा राहणार नाही!” काय आवाज लागला होता! लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही. सेरवा उठून गेली. पोलिसांनी फ्रेम्पोंगला नेलं.

दुसऱ्या दिवशी तीन म्हातारे पांढरा मेंढा घेऊन सरकारी बंगल्यावर गेले. कारकुनाने मेंढा ठेवून घेतला.

“आजोबा, हुकुमावर सही झालीय. पाच वर्षं.”

“अरे, पण पाया तर पडू दे!”

“साहेब पहाटेच गेले.”

याव राजधानीत धावला, कचेरीत ओवारेंपुढे गुडघे टेकले. ते म्हणे कागदावरून मान वर न करता बोलले, आणि या वेळी पुटपुटले नाहीत. “माफी राजे देतात, याव. मला सरकार चालवायचंय.”

दुसऱ्या पावसाळ्यात फ्रेम्पोंग तुरुंगात तापाने गेला. यावने काठी परत केली, प्रेत घेऊन गावी आला. पुढे लष्कराने ओवारेंना हाकललं, ते परदेशात वारले. यावने त्यावरही अवाक्षर काढलं नाही, आणि बाजाराला सुऱ्यांच्या गोष्टी मिळाल्या.

त्याची जीभ कोणी कापली नव्हती. प्रेत दारात उतरवलं त्या दिवशी सेरवा म्हणाली, “आता बोलू नका.” तो पुन्हा बोलला नाही.