खाटेखालची बाटली

डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेट वाढलंय." दादाने, माझ्या थोरल्या भावाने, माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्यांनी समजावलं, मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, उतारवयात ती फुगते आणि लघवीची वाट दाबते. "आधी कॅथेटर घालू. ताप आला नाही तर ऑपरेशन."

दादाची लघवी घरीच अडली होती. धानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून बैलगाडी, मग वैनगंगेवर डोंगा, मग मोटार, असं करत त्याला चांद्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत तो ओठ चावून चावून रक्ताळला होता.

कॅथेटर म्हणजे रबराची लाल नळी; तिचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या बाटलीत. ती आत घातली आणि दादाने डोळे मिटले. कितीतरी वेळाने त्याला झोप लागली.

वॉर्डातल्या नर्स सुशीलाबाई नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धूत, लावल्यावर पुन्हा धूत. नळीभोवतीची जागा उकळलेल्या पाण्याने पुसत. बाटली रिकामी करताना नळीचं टोक कशालाही टेकू देत नसत. दादा म्हणायचा, "बाई, तुमचं सोवळं तं भटजीच्या वर आहे!"

"भटजीला ताप येत नाही, तुम्हाला येईल," त्या म्हणायच्या. "पाणी प्या."

मला त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. बाटली खाटेच्या खालीच राहिली पाहिजे, कधी वर उचलायची नाही. बाहेर आलेली लघवी मागे गेली तर जंतूंना घेऊन जाते.

मी मान हलवली होती.

दादाच्या मुलीचं, सखूचं, लग्न तेव्हा जुळत होतं. दादाची खबर ऐकून मुलाचे वडील दवाखान्यात आले. ते व्हरांड्यात दिसले आणि माझी नजर बाटलीवर गेली. गढूळ, थोडी लालसर लघवी, सगळ्यांना दिसेल अशी. आमच्याकडे सोयऱ्यासमोर माणूस फाटकं धोतरसुद्धा नेसत नाही. वाटलं, हे पाहून ते म्हणतील, बाप संपला, पोरीमागे कोण उभं राहणार?

सुशीलाबाई पलीकडच्या खाटेपाशी होत्या. मी बाटली उचलली, दादाच्या पायांमध्ये उभी केली आणि वरून चादर ओढली.

"काय भाऊ," व्याही हसत आले, "असे ताणून पडले, जसे तुमीच नवरदेव!"

"मंग! हळद लावाची राह्यली फक्त," दादा म्हणाला.

गप्पा लांबल्या. धानाच्या, तळ्यातल्या मासोळीच्या. दादाचा चेहरा आवळत गेला. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "पोट फुगून राह्यलं रे." मी त्याचा हात दाबून धरला. थोडं थांब, असं. पाहुणे गेल्यावर बाटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दादाला हुडहुडी भरली. खाट वाजायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "इन्फेक्शन." म्हणजे लघवीच्या वाटेत जंतू शिरले. मूत्रपिंडापर्यंत गेले तर जीवावर बेतेल. ऑपरेशन थांबलं. त्यांनी सुशीलाबाईंना विचारलं, "बाटली वर घेतली होती का कुणी?"

"मी नाही, साहेब." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"मग तुमच्याच हातून काही राहिलं असेल," डॉक्टर त्यांना म्हणाले. त्यांनी नळी बदलली, इंजेक्शनं दिली, दादाचे ओठ ओले करत राहिल्या. नंतर त्यांना दुसऱ्या वॉर्डात टाकलं.

व्हरांड्यात इतर रोग्यांची माणसं एकमेकांना भाकर देत, मलाही ये रे बस म्हणत. मी जात नसे. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत बसायचो. जगला तर सांगीन, असं मनात म्हणायचो. तो जगला. ताप उतरला, ऑपरेशन झालं. मी सांगितलं नाही.

सखूच्या लग्नात व्याही सहज बोलून गेले, "त्या दिवशी बाटली लपवली होती ना तुमी? माह्या बापालेही नळी होती. त्यात लपवाचं काय बाप्पा?"

त्या संध्याकाळी मी दादापुढे बसलो आणि सगळं बोललो.

"मले कायले सांगतं?" दादा म्हणाला. "माह्याच अंगावर ठेवली, मले मालूम नाई काय? त्या बाईले सांग."

मी चांद्याला गेलो. सुशीलाबाईंची बदली झाली होती, कुठे ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मग डॉक्टरांनाच सांगितलं. "तेव्हाच बोलला असतात तर नळी लगेच बदलली असती," ते म्हणाले. "आणि मी सुशीलाबाईंना बोल लावला नसता."

तुमच्या माणसाला नळी लागली तर बाटली खाली राहू द्या. पाहुणे पाहतील, पाहू द्या. चुकून हात लागलाच तर नर्सबाईंना त्याच क्षणी सांगा. आमचा माणूस सुशीलाबाईंच्या त्या धुतलेल्या हातांमुळे वाचला, आणि त्यांचं नाव मी खराब होऊ दिलं.

दादा आता बरा आहे. दुपारी ओसरीवर बसतो, माझ्याशी धानाचं बोलतो. पूर्वी तहान लागली की मला हाक मारायचा; आता मी समोर असतो, तरी स्वतः उठतो, भिंतीला धरत आत जातो आणि आपलं पाणी आपण घेतो.