मोर्चातला बाबलीचा फोटो

आचऱ्यातला सत्यवान फोटोवाला हा तसा लग्नांतला माणूस. नवरी रडत असली तरी तिला थांबवून "हंय बघ गो, मग रड," म्हणणारा. तीस वर्षं तेच केल्यावर कॅमेरा डोळ्याला लागला की तोंडातून "हंय बघ", म्हणजे इकडे बघ, आपसूक यायचं. तीच खोड नडली.

दोन वर्षांमागे किनाऱ्यालगतची जमीन कुठल्याशा हॉटेल कंपनीला द्यायचं घाटत होतं, म्हणून गावाने तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. सत्यवानही घोषणा देत गेला, गळ्यात कॅमेरा अडकवून. माणसं रस्त्यात बसली तशी त्याने एकेकाला नावाने हाक मारली. मान वळली की खटका. त्याचा लहानपणचा सोबती बाबली, माडावर चढून नारळ पाडणारा, लग्नाच्या फोटोत नेहमी कुणाच्या तरी पाठी लपायचा. त्या दिवशी मात्र हाकेसरशी सरळ बघितलं त्याने. मूठ वर, तोंड उघडं.

संध्याकाळी सगळे फोटो गावाच्या ग्रुपवर. आठ दिवसांनी तेच पोलिसांच्या टेबलावर, तोंडांभोवती लाल गोल मारलेले. एकही फोटो हललेला नव्हता, सत्यवानाचं काम चोख. रस्ता अडवल्याचा गुन्हा बेचाळीस जणांवर लागला. सत्यवान सुटला. फोटो काढणारा फोटोत असतो कुठे?

मग त्या बेचाळीस जणांच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. सत्यवानाच्या तोंडातून "हंय बघ" निघेनासं झालं. त्याने काढलेल्या लग्नाच्या फोटोंत अर्धे पाव्हणे जेवणाच्या टेबलाकडे बघत असायचे. दुकानात कॉम्प्युटर लावला की पडद्यावर बाबली त्याच्याकडे बघे, बंद केला तरी काळ्या काचेत तोच. खरा बाबली चहाच्या टपरीवर भेटायचा, नारळांच्या गोष्टी करायचा. त्या फोटोचं कधी बोलला नाही. तेच सत्यवानाला जास्त खायचं.

कोर्टाच्या सातव्या तारखेला सकाळी, एसटीची वाट बघता बघता, बाबली थांब्यावरच बसला तो उठला नाही.

दहाव्या दिवशी त्याची बायको जानकी दुकानात आली. बाराव्याला लावायला फोटो हवा होता. सत्यवानाने ग्रुप, जुने अल्बम सगळं धुंडाळलं. धड तोंड दिसणारा फोटो एकच. मग त्याने गेलेल्यांना करतात तसंच केलं. मूठ काढली, तोंड मिटवलं, मागचा रस्ता पुसून निळं आकाश लावलं, अंगात कोट-टाय चढवला. मोर्चाची खूण म्हणून ठेवली नाही.

जानकीने फोटो हातभर लांब धरला.

"ह्यो खंयचो वकील?"

"वैनी, बाबलीच तो."

"लग्नात पण कोट घालूक नाय तेंनी. मूळचो दाखय."

सत्यवानाने दाखवला. "वैनी, ह्याच फोटोवरसून तेचा नाव पोलिसांत गेला. मीया हाक मारलंय म्हणान तेणा बघल्यान."

जानकी पडद्याकडेच बघत राहिली. "माका म्हायत आसा. तेंकाय म्हायत होता. लाल गोलाचो कागद घेवन घराक इल्ले. म्हणाले, सत्यान फोटो बरो काढल्यान हां."

सत्यवान खाली बसला. बाबलीने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"मगे तू तेंका कित्याक सांगूक नाय?" जानकीने विचारलं. "दोन वर्सा वाट बघी होते."

सत्यवानाने कोट-टायवाला फोटो पुसून टाकला.

बाराव्याला हार घातला तो मूठ वर केलेल्या बाबलीलाच. पाव्हण्यांत कुजबुज झाली, असा कुठे फोटो लावतात का. कॅमेऱ्यात सरळ बघितलेला माणूस फोटोतून सगळीकडे बघतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सत्यवान ह्या भिंतीला गेला, त्या खांबाआड गेला. शेवटी पानं मांडली तेव्हा दारालगत बसायला निघाला, तर जानकीने फोटोसमोरचा पाट दाखवला.

"थंय नको. हंय बस. तेंका दिसाक होयो तू."

सत्यवान बसला. भात कालवला. मान मात्र वर झाली नाही.